कळेखालचें अक्षर

संगणक हें इंग्रजी यंत्र आहे, तेव्हां ज्यास इंग्रजी चांगलें येत नाहीं त्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये, असा एक समज आमच्या पालकवर्गांत दृढ झालेला आहे. कळफलकावर छापलेलीं अक्षरें पाहिलीं म्हणजे असें वाटणें साहजिक आहे. मुलें तर मराठी मजकूरहि रोमन अक्षरांत लिहितात, आणि हेंच यंत्राच्या घरचें वळण होय असें मानून चालतात. परंतु माणसाचा शब्द यंत्राच्या पोटांत कोणत्या वाटेनें जातो हें नीट पाहिलें तर ह्या समजास कांहींच आधार उरत नाहीं. म्हणून संगणकास माहिती पुरविणारीं जीं साधनें आपल्या नित्य पाहण्यांत आहेत, त्यांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम कळफलक घेऊं. शाळांतून व कचेऱ्यांतून जे स्वस्त कळफलक असतात, त्यांचें पोट उघडून पाहिलें तर प्रत्येक कळेखालीं रबराची एक पोकळ घुमटी दिसते. घुमटीखालीं पातळ प्लास्टिकचे दोन कागद, आणि त्या दोहोंच्या मध्यें भोंकें पाडलेला तिसरा कागद असतो. वरच्या व खालच्या कागदांवर वीजवाहक शाईनें रेघा काढलेल्या असतात. कळ दाबली कीं घुमटी बसते, वरचा कागद भोंकांतून खालच्या कागदास टेकतो, आणि दोन रेघा जुळून वीज वाहूं लागते. बोट उचललें कीं घुमटी पुनः फुगते व संबंध तुटतो. कळेचें काम एवढेंच. तिच्या पाठीवर इंग्रजी अक्षर छापलेलें आहे, कीं मराठी, कीं कांहींच छापलेलें नाहीं, हें खालच्या रेघांस ठाऊक नसतें.

पूर्ण कळफलकावर साधारणपणें १०४ कळा असतात. प्रत्येकीस वेगळी तार द्यावयाची तर शंभराहून अधिक तारांचें जंजाळ होईल. ह्यावर जी तोड काढलेली आहे ती गणिताच्या वर्गांत सांगण्याजोगी आहे. आलेखाच्या कागदावर असतात तशा ८ आडव्या व १६ उभ्या तारा घातल्या, तर त्या १२८ ठिकाणीं एकमेकींस ओलांडतात. म्हणजे २४ तारांत १२८ कळांची सोय झाली. कळफलकाच्या आंत एक चिमुकली चिप असते. ती एका वेळीं एकाच आडव्या तारेंत वीज सोडते, आणि कोणत्या उभ्या तारेंतून ती परत येते हें पाहते. मग दुसऱ्या तारेंत सोडते, मग तिसऱ्या. पहारेकऱ्यानें गल्लोगल्लीं फिरून कोणाचें दार उघडें राहिलें आहे हें पाहावें, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं ही गस्त एका सेकंदांत शेंकडों वेळां पुरी होऊं शकते. तिसऱ्या आडव्या तारेंत सोडलेली वीज सातव्या उभ्या तारेंत आली, तर त्या दोहोंच्या चौकांतील कळ दाबलेली आहे हें उघड झालें.

ह्या युक्तींत एक गमतीची खोट आहे. वहींत एक चौकोन काढा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कळा आहेत असें समजा, आणि त्यांपैकीं कोणत्याहि तीन एकदम दाबा. वीज सरळ मार्गानें गेली नाहीं तरी त्या तीन कळांतून वळसा घेऊन चौथ्या कोपऱ्याच्या उभ्या तारेंत पोंचते, आणि न दाबलेली चौथी कळ दाबल्याचा भास चिपला होतो! कारागीर ह्यास 'भुताची कळ' म्हणतात. स्वस्त कळफलक अशा वेळीं संशय येऊन तिसरी कळ मानीतच नाहीं. महागांत प्रत्येक कळेजवळ डायोड बसवून विजेस परत फिरण्याची वाट बंद केलेली असते. दुसरी अडचण अशी कीं, दोन रेघा एकमेकींस टेकतांना एकदांच टेकत नाहींत; जमिनीवर टाकलेला चेंडू जसा दोनचार उशा घेतो तशा त्या कांहीं सहस्रांश सेकंद थरथरतात. चिपनें प्रत्येक थरथर खरी मानली तर एका दाबण्यांत पांच अक्षरें उमटतील. म्हणून ती किंचित् थांबून, थरथर शमल्यावरच वर्दी देते.

ही वर्दी अक्षराची नसते, आंकड्याची असते. यू.एस.बी. जातीच्या कळफलकांत प्रत्येक जागेस एक क्रमांक नेमून दिलेला आहे. अक्षरांच्या सर्वांत वरच्या ओळींत डावीकडची पहिली कळ, जिच्यावर आपल्याकडे 'क्यू' छापलेला असतो, तिचा क्रमांक २०. फ्रान्समध्यें त्याच जागेवरील कळेवर 'ए' छापतात. तेथील कळफलकहि २० हाच आंकडा पाठवितो. शिफ्ट दाबल्याची वर्दी वेगळी जाते, आणि अक्षर मोठें कीं लहान हा निर्णय दोन्ही वर्द्या एकत्र करून संगणक घेतो. २० म्हणजे कोणतें अक्षर हें सांगणारें कोष्टक संगणकांत असतें, कळफलकांत नसतें. कोष्टक बदललें कीं अक्षर बदललें.

जुन्या टाइपरायटरांत असें नव्हतें. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरच्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स ह्यांच्या यंत्रांत कळ दाबली कीं तिला जोडलेली दांडी उसळे, आणि तिच्या टोकाचा ठसा कागदावर आपटे. कळ व अक्षर ह्यांचें लग्न लोखंडानें लागलेलें होतें. शोल्स ह्यांच्या १८७८ सालच्या पेटंटांत अक्षरांची जी मांडणी आहे तीच थोड्या फरकानें आजच्या कळफलकांवर दिसते. लोखंड गेलें, मांडणी राहिली. आणि अक्षर कळेसच चिकटलेलें असतें ही जुनी कल्पनाहि तिच्याबरोबर राहिली.

आंकड्यांची ही गोष्ट कळफलकापुरतीच नाहीं. दुकानांत मालावरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाचणारें यंत्र तुम्हीं पाहिलें असेल. २६ जून १९७४ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत ट्रॉय गांवच्या दुकानांत च्युइंग गमचें एक पाकीट अशा यंत्रावरून प्रथम विकलें गेलें. यंत्र पट्ट्यांवर प्रकाश टाकतें. पांढरी पट्टी तो परत फेकते, काळी गिळते, आणि पट्ट्यांच्या रुंदीवरून अंक ओळखले जातात. ह्यांतील पुष्कळ यंत्रें संगणकास 'मी कळफलक आहें' असेंच सांगतात, आणि कोणी कळा दाबून लिहावे तसे अंक पाठवितात! चुकीचा अंक जाऊं नये म्हणून तेरावा अंक पहारेकरी ठेवलेला असतो. पहिल्या बारांपैकीं विषम स्थानांवरील अंकांची बेरीज घ्यावी, सम स्थानांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट तींत मिळवावी, आणि उत्तर दहाच्या पटींत नेण्यास जो अंक कमी पडेल तो तेरावा. उदाहरणार्थ ८९०१२३४५६७८९ घ्या. २८ अधिक ३४ ची तिप्पट १०२, एकूण १३०; कमी कांहींच पडत नाहीं, म्हणून तेरावा अंक ०. आपल्या एखाद्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर १३ अंक असतील तर हा हिशेब करून पाहावा.

माऊस तर ह्याहूनहि अल्पभाषी आहे. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत डग्लस एंगलबार्ट ह्यांच्या कल्पनेवरून १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार झाला तो लांकडाचा होता, आणि त्याच्या पोटाखालीं दोन चाकें होतीं. पुढें चाकांच्या जागीं गोळी आली, व गोळीच्या जागीं प्रकाश आला. आजच्या माऊसच्या पोटांत एक लहानसा दिवा व त्याहून लहान कॅमेरा असतो. हा कॅमेरा खालच्या टेबलाचीं दर सेकंदास हजाराहून अधिक चित्रें घेतो, आणि एका चित्रांतील कण दुसऱ्या चित्रांत किती सरकले हें ताडून पाहिलें जातें. म्हणूनच स्वच्छ कांचेवर हा माऊस बहुधा गोंधळतो. तेथें ओळखण्याजोगा कणच त्यास दिसत नाहीं. लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं माऊस 'किती सरकलों' एवढेंच सांगतो, 'कोठें आहें' हें सांगत नाहीं. तो उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकास ठेवा. पडद्यावरचा बाण बहुधा होता तेथेंच राहील.

मोबाइलच्या पडद्यावर टेकलेलें बोट मात्र आपली जागा सांगतें. १९६५ सालीं इंग्लंडांत ई. ए. जॉन्सन ह्यांनीं अशा पडद्याचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. कांचेखालीं पारदर्शक वीजवाहकाचें अति बारीक जाळें असतें, आणि तें किंचित् विद्युद्भार धरून असतें. आपलें शरीर वीजवाहक असल्यामुळें बोट जवळ येतांच त्या ठिकाणचा भार बदलतो, आणि तो कोणत्या चौकांत बदलला हें आडव्या-उभ्या रेघांवरून कळतें. कळफलकांतील गस्तच ही. हातमोज्यांतलें बोट ह्या पडद्यास बहुधा दिसत नाहीं, आणि पावसाचे थेंब पडले तर त्यास नसतीं बोटें दिसूं लागतात. ह्या पडद्यावरील कळा केवळ चित्र आहेत. येथें क काढला काय आणि के काढला काय, कांचेस सारखेंच.

मग मराठी लिहितांना रोमन अक्षरांचा वळसा कां? 'बाल' आणि 'बाळ' हे दोन्ही शब्द मुलें रोमन अक्षरांत एकसारखेच लिहितात. त्यांपैकीं तुम्हांस कोणता हवा हें यंत्रानें अंदाजानें ठरवावयाचें. तोंडानें बोलून लिहविण्याचें तंत्र आतां पुष्कळ सुधारलें आहे, पण तेथेंहि मायक्रोफोन हवेचा दाब दर सेकंदास हजारों वेळां मोजून आंकडे देतो, आणि पुढचा सगळा कारभार अंदाजाचाच. ज्यास आपलें अक्षर आपण निवडावयाचें आहे त्यास देवनागरी कोष्टकच घेतलें पाहिजे. असें कोष्टक पुष्कळ वर्षें तयार आहे. त्याचें नांव इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकांत तें आहे, आणि बहुतेक संगणकांत तें आधींच बसविलेलें असतें. भाषांच्या यादींत मराठी जोडली कीं झालें.

ह्या कोष्टकाची रचना आम्हांस फार आवडते, कारण ती व्याकरण जाणणाराची आहे. स्वर व त्यांचीं चिन्हें डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताकडे. क ज्या कळेवर, तीच शिफ्टसह दाबली कीं ख. ग च्या कळेवर घ, त च्या कळेवर थ, प च्या कळेवर फ. वर सांगितलेल्या २० क्रमांकाच्या कळेवर औकाराची मात्रा आहे. अनेक भारतीय लिप्यांस हीच मांडणी लागू असल्यामुळें मराठींत बसलेलें बोट बंगालींतहि क नेमका शोधतें.

शिवाय ती आपल्या बाराखडीस धरून आहे. 'कि' लिहितांना आपला हात वेलांटी आधीं काढतो. जुन्या मराठी टाइपरायटरावरहि ती आधीं मारावी लागे. परंतु पहिलींतील मूल काय घोकतें? क ला पहिली वेलांटी कि. आधीं क, मग वेलांटी. इनस्क्रिप्टांत नेमका हाच क्रम आहे. युनिकोड नांवाच्या जागतिक कोष्टकांत क ला २३२५ व पहिल्या वेलांटीला २३६७ हे क्रमांक आहेत. संगणक ते ह्याच क्रमानें सांठवितो, आणि वेलांटी डावीकडे काढण्याचें काम अक्षराचा साचा करतो. 'क्ष' चेंहि तसेंच. क, पाय मोडण्याची खूण, आणि ष. २३२५, २३८१, २३५९. तीन आंकडे आंत राहतात, जोडाक्षर पडद्यावर दिसतें. ज्यास जोडाक्षर फोडून सांगतां येतें त्यास तें लिहितां येतें.

न येणाराची फजिती कशी होते हेंहि पाहा. आचार्यास दक्षिणा देतात, आचाऱ्यास मजुरी. पहिल्या शब्दांत र आहे, क्रमांक २३५२. दुसऱ्यांत खालीं टिंब दिलेला ऱ, क्रमांक २३५३, त्याचा पाय मोडून पुढें य. तो र च्याच कळेवर शिफ्टसह मिळतो. एका शिफ्टच्या हयगयीनें स्वयंपाकी गुरुपदास चढतो! रोमन वळशानें लिहिणारांच्या मजकुरांत हे दोघे एकमेकांच्या जागीं पुष्कळदां बसलेले आम्ही पाहतों.

शिकणारानें कळांवर चिकटपट्ट्या लावूं नयेत. नजर बोटांवरच खिळून राहते. मांडणीचा नकाशा कागदावर काढून पडद्याशेजारीं लावावा, आणि रोज अर्धा तास काना-मात्रांच्या शब्दांपासून आरंभ करावा. जोडाक्षरें दुसऱ्या आठवड्यांत घ्यावीं. 'ज्ञानेश्वर' ह्या नांवास जोडाक्षरें सुटीं करून एकंदर दहा आंकडे लागतात; ते कोणकोणत्या अक्षरांचे व खुणांचे, हें आधीं वहींत क्रमानें लिहून काढावें, आणि मग कळफलकास हात लावावा.