"वहिनी, डोळ्यांना सवय होईल"

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण आमच्या पेठेत उलटसुलट बोललं जातंय. मी एलईडीच्या विरोधात नाही. आमच्या साडीच्या दुकानाचं वीजबिल उतरलंय, एसी पूर्वीसारखा दिवसभर धापा टाकत नाही, आणि जुन्या चोकची घरघर एकदाची थांबलीय. हे सगळं एलईडीमुळेच. राग आहे तो ज्याने ते बसवले त्याच्यावर, आणि तो अजून उतरलेला नाही. शेवटचा हप्ता मी अडवून धरला म्हणून मला 'पैसे बुडवणारी बाई' ठरवून तो मोकळा झाला. तेव्हा माझी बाजूही कुठेतरी लिहिलेली असावी. दुकानाचे दिवे बदलायला निघालेल्यांना त्यातून काही मिळालं तर उत्तमच.

ठेकेदार आला तो थेट ह्यांच्याशी बोलायला. हे दुकानात येतात ते कागदांवर सह्या करायला. काउंटर मी सांभाळते, आणि डाळिंबी कुठली अन् कुसुंबी कुठली ते दोन हातांवरून सांगू शकते. पण प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्याने ह्यांच्याकडे बघून द्यायचं, असं चाललं होतं. "साहेब, ऐंशी टक्के बचत. बिल निम्म्यावर येईल." मी कागदावर चार प्रश्न लिहून ठेवले होते. पहिलाच होता, या उजेडात साड्यांचे रंग बदलून दिसणार नाहीत ना? त्यावर तो हसला. "वहिनी, हा दिवसासारखा उजेड आहे. खोक्यावरच लिहिलंय."

खोक्यावर 'कूल डे लाइट, ६५०० केल्विन' असं लिहिलेलं होतं. केल्विनचा हा आकडा उजेड पिवळसर आहे की निळसर, एवढंच सांगतो. त्या उजेडात रंग खरे दिसतील की नाही हे सांगणारा आकडा वेगळा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. शंभरपैकी असतो. तो खोक्यावर नव्हता, आणि कोटेशनमध्येही नव्हता. मी विचारल्यावर "सगळं ए-वन आहे" हे उत्तर मिळालं.

त्या ऐंशी टक्क्यांचा हिशेबही सांगते, कारण हा आकडा सगळीकडे फिरतोय. आमच्या जुन्या ट्यूब ३६ वॅटच्या. तांब्याच्या चोकचं धरलं तर एकेक पन्नास वॅटच्या आसपास खायची. तिच्या जागी २० वॅटची एलईडी, म्हणजे बचत साठ टक्के. ऐंशीच्या वर बचत होते ती हॅलोजन काढलेल्या ठिकाणी, कारण ५० वॅटच्या स्पॉटचं काम ७ वॅटचा एलईडी करतो. हा माणूस हॅलोजनचा आकडा सगळ्या दुकानाला लावत होता. शिवाय दिवे म्हणजे काही सगळं बिल नव्हे. एसी आहे, पंखे आहेत, कॉम्प्युटर आहे, आणि आमच्यासारख्या छोट्या व्यापारी जोडणीला महावितरणचा स्थिर आकार युनिटं कमी झाली म्हणून कमी होत नाही. बिल निम्म्यावर येणं शक्यच नव्हतं. जेवढं आलं तेवढ्यावर मी खूश आहे. दहा तास चालणाऱ्या एका ट्यूबमागे वर्षाला नव्वद युनिटं वाचतात. आपल्या ट्यूब मोजा, गुणा आणि ठेकेदाराला तो आकडा दाखवा. चेहरा बघण्यासारखा होतो.

दिवे लागले पौषात, गिऱ्हाईक कमी असताना. पहिल्या संध्याकाळी दुकान असं लखलखलं की समोरचे रस्ता ओलांडून बघायला आले. हे खूश, ठेकेदार खूश. आमचे अण्णा तेवढे गप्प होते. अण्णा म्हणजे सासऱ्यांच्या वेळचे सेल्समन. त्यांनी एक आमसुली इरकल उघडली, परत घडी घातली आणि म्हणाले, "ही कॉफी कलरची कधी आली आपल्याकडे?"

लगीनसराई सुरू झाली आणि बस्त्याला गिऱ्हाईक येऊ लागलं. बस्ता म्हणजे कसं, तीन पिढ्या गादीवर बसतात, चहा होतो, मानपानाच्या साड्यांचे ढीग वेगळे पडतात, आणि नवरीचा शालू मात्र सगळ्यांना पसंत पडावा लागतो. अशाच एका बस्त्यात नवरीच्या आत्याने हातातली डाळिंबी पैठणी उचलली आणि चपला न घालता तडक पायरीवर गेली. बाहेर दुपारचं ऊन. तिथून ओरडली, "अगं इकडे या सगळ्या! आत शिळ्या आमटीसारखी दिसत होती, बघा केवढा रंग आहे!" झालं. मग प्रत्येक साडी पायरीवर. नवरी पायरीवर, आजी खुर्चीसकट पायरीवर. मी काउंटरच्या मागे उभी राहून वर त्या पांढऱ्याफेक पट्ट्यांकडे बघत होते. एवढे पैसे खर्चून आम्ही दुकानात अशी सोय करून घेतली होती की गिऱ्हाइकाला माल बघायला बाहेर जावं लागावं.

आत्या होती म्हणून तो बस्ता झाला. जी गिऱ्हाइकं पायरीपर्यंत न जाता 'रंग मेलेला आहे' म्हणून उठून गेली, त्यांचा हिशेब कुणी द्यायचा? आणि उलटंही झालं. रात्री दिव्यात घेतलेली चिंतामणी घरी नेऊन बघितल्यावर वेगळीच निघाली म्हणून परत आली. मी मुकाट्याने परत घेतली.

ती परत आली त्याच संध्याकाळी ठेकेदाराला फोन केला. तो काय म्हणाला ते शब्दशः लिहिते: "वहिनी, नवीन उजेड आहे, डोळ्यांना सवय होईल." माझ्या डोळ्यांना होईल हो. पण दुकानात रोज नवे डोळे येतात, त्यांना कधी सवय होणार? पुढे म्हणाला, "सीआरआय बिआरआय गिऱ्हाइकाला कळतं का?" गिऱ्हाइकाला शब्द कळत नाही, डाळिंबी कळते. हे त्याला सांगायच्या आत त्याने फोन ठेवला.

माझा भाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, त्याने खुलासा केला. पांढरा एलईडी आतून निळा असतो. तो निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं, की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की उजेड पांढरा दिसतो. स्वस्त मालात या मिश्रणात लाल कमी पडतो, म्हणून डाळिंबी, आमसुली, राणी, कुंकवाचा रंग, सगळे मरगळतात. म्हणजे मराठी बाईच्या लग्नाच्या साडीचे सगळेच. त्यातही एक मेख आहे. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असते. गडद लाल त्या आठात नाहीच. तो 'आर-९' म्हणून वेगळा मोजतात. त्यामुळे '८० सीआरआय' लिहिलेल्या दिव्याचा आर-९ जवळजवळ शून्य असू शकतो. कपडा, सोनं, भाजी, मेकअप, ज्याच्या दुकानात लाल रंग विकला जातो, त्याने सीआरआय ९० च्या वर मागावा आणि आर-९ किती आहे ते वेगळं लिहून मागावं. केल्विन चार हजारांच्या आसपास पुरे. माल जरा महाग पडतो. पण गोडाऊनला, जिन्याला, बाथरूमला हा थाट नको, तिथे साधा एलईडी चालतो. आमचे काढलेले दिवे आता तिथेच आहेत.

रंगाचं एवढं झाल्यावर वळीव आला. वादळी वाऱ्यात आमच्या लाईनचा न्यूट्रल तुटला. तीन फेजच्या लाईनला न्यूट्रल गेला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. आमचे निम्मे दिवे गेले. त्याच खांबावरून वीज घेणाऱ्या शेजारच्या मेडिकलमधले दिवे विझले आणि दाब उतरल्यावर आपोआप लागले. एलईडी जळतो तेव्हा बहुतेक वेळा आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारा भाग, जळालेला असतो, एलईडी स्वतः धडधाकट असतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये दाब चढला की बंद पडायची सोय असते. आमच्यात नव्हती. भाच्याने एक उघडून दाखवला, तर वर कंपनीचं नाव नाही की कसला क्रमांक नाही. दिवा नामांकित कंपनीचा म्हणून विकलेला, आणि पोटात हे. ठेकेदाराचं उत्तर तयार होतं, "व्होल्टेजने गेलेलं वॉरंटीत येत नाही." मग वॉरंटीत येतं काय? कोटेशनमध्ये एवढंच लिहिलं होतं, '२ वर्षे वॉरंटी'. कशाची, ते नव्हतं. हा माझ्या कागदावरचा दुसरा प्रश्न होता. त्याचंही उत्तर 'ए-वन'च मिळालं होतं.

तेव्हा ड्रायव्हर हातात घेऊन बघा. त्याला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर आयएस १५८८५ आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. दुकानाच्या मुख्य पॅनेलवर सर्ज प्रोटेक्शन आणि जास्त दाबाला तोडणारं उपकरण बसवून घ्या, आणि आधी वायरमनकडून अर्थिंग तपासा. 'बिल नको, अठरा टक्के जीएसटी वाचेल' असं कुणी म्हटलं तर त्याला चहाही देऊ नका, कारण बिल नाही तर वॉरंटीही नाही. घाई करू नये, दोन-तीन कोटेशनं घ्यावीत, हे सगळे सांगतात, मीही सांगते. पण कोटेशनं घेऊन उपयोग तेव्हाच, जेव्हा सगळ्यांत एकाच गोष्टीचा भाव असेल. नाहीतर स्वस्त कोटेशन जिंकतं आणि ते का स्वस्त आहे ते वळवात कळतं.

सगळं दुकान करायच्या आधी एका काउंटरवर दोन दिवे लावून घ्या. आपल्याकडचा सर्वांत अवघड रंग दिव्याखाली धरा, मग दारात नेऊन बघा. काळा आणि नेव्ही ब्लू शेजारी ठेवा, दोन्ही एकच दिसले तर दिवा परत. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे असं समजा. दिवसभर त्या थरथरत्या उजेडाखाली बसणाऱ्या मुलींचं डोकं दुखतं, आमच्याकडे दुखलं. आणि सगळे दिवे एकाच लॉटचे मागा, नाहीतर एक पट्टी निळसर अन् शेजारची पिवळसर असा प्रकार होतो.

एक चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल की ही रडतच बसलीय. शोकेसमध्ये हॅलोजनखाली टांगलेल्या साड्यांच्या घड्या पूर्वी बाहेरच्या बाजूने फिकट व्हायच्या. दर हंगामाला चार-दोन साड्या 'घडी उडालेल्या' म्हणून पडत्या भावात जायच्या. एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात आणि आचही लागत नाही. ते नुकसान खूप कमी झालं. ठेकेदाराने हा फायदा कधी सांगितला नाही. बहुधा त्याला ठाऊकच नसावा. दुकान उजेडासाठी दिवे घेतं हेच मुळात त्याच्या गावी नव्हतं, तो युनिटं विकत होता.

काउंटरवरचे आणि शोकेसचे दिवे मी दुसऱ्या माणसाकडून बदलून घेतले. हा निवडताना बोलणी मीच केली, आणि तो माझ्याकडे बघून बोलला. डाळिंबी आता दुकानात डाळिंबीच दिसते.

राहिला तो हप्ता. पहिल्या ठेकेदाराने जळालेले ड्रायव्हर नोंदणीकृत मालाने बदलून द्यावेत, त्याच दिवशी पैसे घेऊन जावेत. मी हे त्याला लेखी कळवलंय. तुम्हीही शेवटचा हप्ता एक पावसाळा निघेपर्यंत हातात ठेवा आणि तसं कोटेशनवर आधीच लिहून घ्या. ज्यांनी माझ्याबद्दल काहीबाही ऐकलं असेल त्यांनी दुकानात यावं. त्याचं कोटेशन आणि तो बिननावाचा ड्रायव्हर, दोन्ही गल्ल्याशेजारी ठेवलेत.