समुद्रात हरवलेला खलाशी

आम्हा वाशीमकरांना पाणी ठाऊक ते एकबुर्जी धरणाचे. समुद्राशी आपला संबंध तो काय? पण मोलमजुरीच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कमावता माणूस परतलाच नाही तर घराचे काय होते, हा प्रश्न मला परका वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोटींवर हजारो हिंदी खलाशी होते. रत्नागिरीकडचे अनेकजण डेकवर, गोवेकर स्वयंपाकघरात. भट्टीत कोळसा टाकणारे 'आगवाले' मात्र अगदी तळाशी. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडा. पाणबुडीचा पाणतीर इंजिनघरावर बसला की तळच्या माणसाला वर येण्यास अवधी कोठून मिळणार? त्या युद्धात समुद्रात गेलेल्या जवळजवळ ६००० हिंदी व्यापारी खलाशांची नावे एका नोंदवहीत आहेत. तिच्या प्रती मुंबईत व चितगावला ठेवल्या आहेत. पहिल्या महायुद्धातील २००० हून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईतील मशीद बंदर भागात आहे.

नाव वहीत चढले, पण देह कोठे आहे? १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे ७ वर्षे ज्याची खबर नाही, तो मृत समजला जाई. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही मुदत तीच. बोट बुडाल्याचा इतर पुरावा असला तर ठीक. पण एकटाच माणूस रात्री डेकवरून गेला, आणि कोणी पाहिले नाही, तर? वारसाहक्क अडतो, विम्याचे पैसे अडतात. मला तर ही ७ वर्षे फार वाटतात. तेवढ्यात पाचवीतला मुलगा बारावीला पोचतो. अर्थात शाळा सुटली नाही तर.