माळ्यावर अडकलेला वेळ

१. पसारा जागेपेक्षा वेळ जास्त खातो. आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब होता. गीझर आल्यापासून त्यात कोणी पाणी तापवलं नव्हतं, तरी दर दिवाळीला तो खाली यायचा, चिंच-मिठानं लख्ख व्हायचा आणि जुन्या धोतरात गुंडाळून परत वर जायचा. सोबत घंगाळ, परात, दोन कळश्या. त्यात माझी अख्खी सकाळ जायची. शेवटी बंब मोडीत काढला. "पाहुणे आले म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. पाहुणेही गीझरच्याच पाण्यानं आंघोळ करतात. घंगाळ मात्र ठेवलं. लोकरीचे गुंडे त्यात छान मावतात, आणि विणताना घरभर गडगडत नाहीत.

२. दारातूनच अडवावं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची वाणं घरी येतात: गाळण्या, डब्या, साबणाच्या पेट्या. नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी निदान माझ्याकडून जाणारं वाण बदललं. आता भरतकामाच्या सुयांचं पाकीट आणि दोऱ्याची एक लडी देते. काहीजणींनी ते पुढच्या वर्षी दुसरीकडे खपवलं असेल, असू दे. सुई जागा तरी थोडी अडवते.

३. "गोधडीला होईल" हे घरातलं सर्वांत लबाड वाक्य. त्या नावाखाली काहीही टिकतं. गोधडीला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच हवं. सिंथेटिक साडी थरांत सरकते आणि धावदोरा वाकडा जातो. म्हणून सुती तेवढ्या साड्या एका पिशवीत, बाकीच्या बोहारणीला. तिच्याशी घासाघीस करायची, पण पातेलं घ्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड! साड्या देऊन पातेली आणली तर आपण काय आवरलं?

४. दिवाळी अंक. ही परंपरा 'मनोरंजन'च्या 1909च्या अंकापासूनची, पण ती सगळी आपल्याच पलंगाखाली जपायला हवी असं नाही. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. वर्गणी भरा, एकेक अंक न्या, वाचा, परत करा. परत करायचा असतो म्हणून अंक वाचून तरी होतो. स्वतःच्या मालकीचा असला की "निवांत वाचू" म्हणून पडून राहतो.

५. दुसऱ्याच्या खणाला हात लावू नये. ह्यांच्या वायरी आणि बंद पडलेले चार्जर जागच्या जागी आहेत.

६. भरतकाम हाच मोठा पसारा आहे, हे भरणाऱ्या बायका कबूल करत नाहीत. सहा पदरी दोऱ्याची लडी साधारण आठ मीटरची. दोन पदर ओढून घ्यायचे, उरलेले चार कुठेतरी ठेवायचे, की झाला गुंता. पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळून वर रंगाचा नंबर लिहिला की सुटका. अर्धवट कामांपैकी एकच बाहेर ठेवावं, तेही हाताशी, सुई ओवून. भात शिजेपर्यंत साखळी टाक्याची एक वेल पुरी होते. सामान कपाटातून काढायचं असेल तर तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होतात. उठताना कापड रिंगमधून मोकळं करावं, नाहीतर गोल वळ पडतो आणि इस्त्रीनंही लवकर जात नाही. जे पुरं करायची इच्छाच उरली नाही, ते दोऱ्यांसकट एखाद्या हौशी मुलीला द्यावं. माझा दसुतीचा टेबलक्लॉथ असाच भाचीकडे गेला. तिनं मोरांच्या जागी मांजरं भरली.

७. मोकळी झालेली जागा लगेच अडवावी, नाहीतर तिथे इस्त्रीचे कपडे येऊन बसतात. बंबाबरोबर गेलेल्या ट्रंकेच्या जागी, खिडकीशी, मी खुर्ची टाकली. मी उजव्या हातानं शिवते, म्हणून उजेड डावीकडून. रंग निवडायचं काम दिवसाच. ट्यूबलाइटमध्ये गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात. वाचन रात्री. 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलंय.

दुपारी टाके घालताना वाचता येत नाही, त्यावर तोडगा सासूबाईंनी काढला. त्या शेजारी बसून पेपर मोठ्यानं वाचतात. अग्रलेख गाळतात, वधू-वर जाहिराती एकही सोडत नाहीत, आणि प्रत्येक स्थळावर माझं मत घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत.