विंडलाससाठी जाड केबल की पुढे वेगळी बॅटरी?

प्रश्न : केबिनच्या बोटीवर नांगर ओढायला १२ व्होल्ट, १००० वॉटचे विंडलास बसवतोय. बॅटऱ्या मागे इंजिनाजवळ आहेत, केबल ८ मीटर जाईल. त्यापेक्षा पुढेच वेगळी बॅटरी ठेवावी का?

उत्तर : केबलच ओढा, पण जाड. १००० वॉट म्हणजे सुमारे ८३ अँपिअर, आणि हिशेब जाऊन-येऊन १६ मीटरचा. १६ चौरस मिमीच्या तांब्यात जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जिरतो. ३५ मध्ये पाऊण व्होल्टही नाही. नांगर चिखलात रुतला की मोटर याहून पुष्कळ जास्त करंट खेचते, नेमकी तेव्हाच बारीक केबल दगा देते. तांबे महाग, हे खरे. पण पुढची बॅटरी चार्ज करायला वायर मागूनच येणार. ती बारीक चालेल म्हणाल, तर इंजिन चालू असताना विंडलासचा भार तिच्यावरही पडतो. शिवाय दोन्ही टोकांना बॅटरी, म्हणून फ्यूजही दोन्हीकडे हवा. वर नाळेवरचे वजन वाढते ते वेगळेच.

केबल कल्हई केलेल्या तारांची घ्या, बिल्जच्या पाण्यापासून उंचावरून न्या, बल्कहेडच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला. ब्रेकर मात्र बॅटरीलगतच हवा. सोयीसाठी तो विंडलासपाशी लावतात. मग मधली सगळी केबल शॉर्ट झाली तरी तो पडतच नाही.