शेजारणीची ओढ

उन्हाळ्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पतंगासारख्या दिसणाऱ्या सप्तर्षींच्या शेपटीचे टोक म्हणजे मरीची. त्याच्यापासून सुमारे साडेतीन अंशांवर, म्हणजे पूर्णचंद्राची सात बिंबे ओळीने मावतील इतक्या अंतरावर, मेसियर ५१ ही दीर्घिका आहे. मेसियरला ती १७७३ साली आढळली. तिला खेटून दिसणारी लहान दीर्घिका, एन. जी. सी. ५१९५, मेशां याने १७८१ साली पाहिली. मोठीचे सर्पिल फाटे १८४५ मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून ओळखले.

लहानीचा आकार बराच बिघडलेला आहे, तरी तिची गणना पुष्कळदा भिंगाकार दीर्घिकांत करतात. अशा दीर्घिका मसुराच्या दाण्यासारख्या असतात : मध्ये फुगीर, कडेला चपट्या. त्यांना फाटे नसतात आणि नवे तारे घडायला लागणारा वायूही थोडाच असतो. मग या दोघींत मागे कोण? छायाचित्र नीट पाहा. मोठीच्या फाट्यातील धुळीचे काळे पट्टे लहानीच्या तेजावर आडवे आलेले दिसतात. तेव्हा लहानी मागे आहे.

आता समुद्राची भरती आठवा. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूस जास्त ओढतो, मध्याला कमी, पलीकडच्या बाजूस त्याहून कमी. ओढीतील हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अंतर निम्मे झाले की ताण आठपट! शेजारीण जवळून गेली तेव्हा मोठीची तबकडी अशीच दोन्ही बाजूंनी ताणली गेली. तबकडी फिरती असल्याने ताणलेले भाग वाकले. एकाचा शेजारणीकडे जाणारा सेतू झाला, दुसऱ्याची शेपटी.

नुसत्या गुरुत्वाकर्षणाने इतके निमुळते आकार होतील का, अशी शंका पुष्कळांना होती. १९७२ साली आलार व यूरी टूम्रे या बंधूंनी संगणकावर गणित मांडले. केंद्राभोवती फिरणारे वस्तुमानरहित कण घेतले आणि जवळून एक जड शेजारीण जाऊ दिली, एवढेच. सेतू तयार झाला! गणित इतके साधे असावे, हेच मला त्यात विशेष वाटते. आतल्या फाट्यांचा उगम मात्र एवढ्याने पुरता उलगडत नाही.

या गडबडीत तारे एकमेकांवर आदळत नाहीत. सूर्य एक सेंटिमीटरचे बोर मानला, तर सर्वांत जवळचे दुसरे बोर सुमारे २९० किलोमीटरवर येईल. वायूचे ढग मात्र विस्तीर्ण असतात. ते फाट्यांत दाटतात आणि त्यांतून तारे जन्मतात. त्यांतले फार जड तारे अल्पायुषी असतात. मोठ्या दीर्घिकेत १९९४, २००५ आणि २०११ साली दिसलेले तिन्ही अतिनवतारे अशाच जड ताऱ्यांचे स्फोट होते.