पायडल, मोटर आणि धक्का

शिवडी स्टेशनावरून जाणाऱ्या हार्बर मार्गाला आपल्या रेल्वेच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवर चालणारी गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती याच मार्गाने. उभी असलेली गाडी धक्का न देता कशी हलवायची, हा प्रश्न त्या गाडीपुढे होता. आज तोच प्रश्न स्टेशनाबाहेरच्या एका लहान वाहनापुढे आहे. ते वाहन म्हणजे मोटरची मदत असलेली सायकल.

माझ्या एका विद्यार्थ्याने जुन्या सायकलीला मोटरचा संच बसवला. शिवडी नाक्यापाशी सिग्नल लाल होताच त्याने पाय थांबवले, पण मोटर क्षणभर ढकलतच राहिली. पुढच्या हातगाडीला चाक घासले. खरचटण्यावर निभावले. “सर, मोटर बिघडली आहे का?” त्याने विचारले. मोटर ठणठणीत होती. दोष होता तो मोटरला हुकूम देण्याच्या रीतीत. कसा, ते पाहू.

शक्ती किती लागते?

स्वार आणि सायकल मिळून वस्तुमान ९० किलोग्रॅम धरा. रस्त्याला ३० मीटरला १ मीटर असा चढ आहे. वजन सुमारे ८८० न्यूटन, म्हणून चढासाठी लागणारे बल साधारण ३० न्यूटन. घर्षण व हवेचा विरोध यांचे १० न्यूटन मिळवले की एकूण ४० न्यूटन झाले. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर असेल, तर

शक्ती = बल × वेग = ४० × ५ = २०० वॉट.

साधा माणूस बराच वेळ सुमारे १०० वॉट देऊ शकतो. उरलेले १०० वॉट मोटरने द्यायचे. हिशेब सोपा आहे. अडचण पुढेच आहे.

पायाचा जोर सारखा नसतो

पायडल आडवे असताना आपला पाय चांगला जोर लावतो. ते अगदी वर किंवा अगदी खाली असताना दाब क्रँकच्या दिशेनेच जातो आणि फिरवण्याचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. फिरवण्याच्या या जोराला टॉर्क म्हणतात: बल गुणिले आसापासूनचे लंबांतर. मिनिटाला ६० फेरे मारून १०० वॉट देताना सरासरी टॉर्क सुमारे १६ न्यूटन-मीटर असतो. पण प्रत्यक्षात तो शून्याजवळून ३२ पर्यंत चढतो आणि पुन्हा उतरतो, तोही एका फेऱ्यात दोनदा.

मग सायकल हिसके देत का चालत नाही? उत्तर गतिज ऊर्जेत आहे. अर्ध्या फेऱ्यात, म्हणजे अर्ध्या सेकंदात, आपण ५० ज्यूल ऊर्जा देतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीजवळ आधीच ११२५ ज्यूल असतात. विरोध क्षणभर विसरलो, तर ५० ज्यूलने वेग ५ वरून ५.१ होईल. हा फरक जाणवतही नाही. पण वेग सेकंदाला १ मीटरच असेल, तर जवळ फक्त ४५ ज्यूल असतात. त्यात ५० ची भर पडली की वेग जवळजवळ दीडपट होतो! म्हणून धक्का जाणवतो तो निघतानाच.

लोकलची युक्ती

मोटर फिरू लागली की तिच्या वेटोळ्यांत उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होतो आणि तो प्रवाहाला आवर घालतो. उभ्या मोटरमध्ये हा आवर नसतो, म्हणून प्रवाह बेसुमार वाढू पाहतो. आणि प्रवाह वाढला की टॉर्कही वाढतो. १५०० व्होल्टच्या जुन्या लोकलमध्ये यासाठी सुरुवातीला रोध जोडत व वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने काढून घेत. प्रत्येक टप्प्याला किंचित हिसका बसे, आणि रोधांत वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई.

सायकलीचा नियंत्रक रोध वापरत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. चालूचा वेळ वाढवला की सरासरी प्रवाह वाढतो. वेटोळ्याच्या प्रेरकतेमुळे प्रवाह एकदम उडी मारू शकत नाही, म्हणून हे तुकडे मोटरला जाणवत नाहीत. मोटर आता हुकमाची ताबेदार झाली. पण हुकूम कशावरून द्यायचा?

पायाची चाहूल

स्वस्त संचात आसावर चुंबकांची चकती असते. चुंबक सरकत आहेत, म्हणजे पायडल फिरते आहे, एवढेच नियंत्रकाला कळते. जोर किती, ते कळत नाही. चकतीवर ६ चुंबक आहेत आणि स्वार हळू, तीन सेकंदांत एक फेरा, मारतो आहे असे समजा. दोन खुणांत अर्धा सेकंद जातो. म्हणून पाय थांबले असे ठरवण्यापूर्वी नियंत्रकाला निदान अर्धा सेकंद वाट पाहावीच लागते. तेवढ्यात ५ मीटर वेगाची सायकल अडीच मीटर पुढे जाते. आमच्या विद्यार्थ्याची हातगाडी याच अडीच मीटरांत आली!

चांगल्या सायकलीत आसाला पडणारा सूक्ष्म पीळ मोजतात. पीळ वाढला की धातूवर चिकटवलेल्या पट्टीचा रोध किंचित बदलतो आणि त्यावरून टॉर्क कळतो. पण मोटरने पायाची हुबेहूब नक्कल केली, तर पाय दुबळा असतो तेव्हाच मोटरही दुबळी पडेल. म्हणून नियंत्रक अर्ध्या फेऱ्याची सरासरी घेतो. त्यात चढउतार मिटतात. शिवाय मदत हळूहळू वाढवायची, पण कमी करताना चटकन करायची, असा नियम त्याला घालून देतात. ब्रेकच्या दांड्यातही खटका बसवतात. ब्रेक दाबला की मोटर तत्काळ बंद! विद्यार्थ्याने तो खटका बसवून घेतला आणि त्याची तक्रार संपली.

१९९३ साली जपानच्या यामाहा कंपनीने पायाच्या जोराला साथ देणारी सायकल बाजारात आणली. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांतही, इतर अटींबरोबर, अशा सायकलीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी असावी, ताशी २५ किलोमीटर गाठेपर्यंत तिची मदत क्रमाक्रमाने कमी होऊन थांबावी, आणि पाय थांबले तर त्याआधीच थांबावी, असे सांगितले आहे. ‘क्रमाक्रमाने’ या एका शब्दात वरचे सारे भौतिकशास्त्र सामावले आहे.

करून पाहा: सायकल स्टँडवर लावा. पुढे आडव्या असलेल्या पायडलला एक किलोची पिशवी अडकवा आणि दुसरे पायडल हाताने धरून ठेवा. किती जोर लावावा लागतो? आता पिशवीचे पायडल अगदी खाली आणा. काय फरक पडला?

विचार करा: चकतीवर ६ ऐवजी १२ चुंबक बसवले, तर वरच्या उदाहरणात सायकल किती मीटर पुढे जाईल?