दाताला पाणी लागते तेव्हा

मंडळी, गार पाण्याचा घोट घेतला की दातात कळ जाते, असे तुमच्यापैकी कितीजणांना होते? चिंच खाल्ली की दात आंबतात. गरम चहा लागतो. गूळसुद्धा लागतो. कोणी म्हणते, "दाताला पाणी लागतंय." कोणी म्हणते, "वय झालं, आता असंच चालायचं." पण हे काही म्हाताऱ्यांचेच दुखणे नव्हे. तरण्याताठ्या माणसांनाही ते होते. त्याला कारण आहे. बहुतेक वेळा त्यावर उपायही आहे.

दाताची कल्हई

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांबट लोक तेथे तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडवतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवायचे तर आतून कल्हई लागते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले, तर ते कळकते. हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे.

आपल्या दातावरही अशीच एक कल्हई असते. तिला डॉक्टर इनॅमल म्हणतात. आपण तिला दाताचे कवच म्हणू. आपल्या अंगात यापेक्षा टणक वस्तू नाही. हाडसुद्धा एवढे टणक नसते.

पण एक फरक आहे. भांड्याची कल्हई गेली तर कल्हईवाला ती पुन्हा करून देतो. दाताचे झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही. म्हणून आहे ते जपायचे.

कळ का जाते?

कवचाच्या खाली दाताचा दुसरा थर असतो. त्यात फार बारीक नळ्या असतात. तीळभर जागेत हजारो नळ्या! त्यांत पातळ द्रव असतो. त्यांच्या आतल्या टोकाला दाताची नस असते. कवच शाबूत असेल तर नळ्या झाकलेल्या राहतात. कवच झिजले की त्यांची तोंडे उघडी पडतात. मग गार पाणी लागताच आतला द्रव हलतो, नस जागी होते आणि कळ जाते. स्वीडन देशातल्या ब्रानस्ट्रॉम नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या काही वर्षांत प्रयोग करून हे दाखवले.

हिरडी खाली सरकली तरी असेच होते. दाताच्या मुळावर हे टणक कवच नसतेच. मूळ उघडे पडले की त्याला पाणी लागते.

कवच कशाने झिजते?

पहिले कारण आपलाच हात. राखुंडी, विटेची पूड, कोळसा, खरखरीत मंजन घेऊन आपण दात खसाखसा घासतो. दात म्हणजे काही चुलीवरचे काळे पातेले नव्हे! ब्रश जोराने आडवा ओढला तरी कवच झिजते आणि हिरडी सोलते.

दुसरे कारण आंबट. चिंच, कैरी, लिंबू आणि बाटलीतली गोड सरबते. आंबटाने कवच काही वेळ मऊ पडते. तेवढ्यात घासले तर जास्त झिजते.

तिसरे कारण, कडक सुपारी फोडणे आणि झोपेत दात खाणे.

मिश्रीचा फसवा आराम

आयाबायांनो, हे नीट वाचा. दात दुखतो म्हणून शेजारीण सांगते, "मिश्री लाव, बरं वाटेल." तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना चोळायची. घटकाभर बरे वाटते. मग सकाळी लावतात, दुपारी लावतात, रात्रीही लावतात. दाताची कळ थांबते, पण मिश्री सुटत नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती हिरड्यांची नासाडी करते. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. भारत सरकारने १९९२ साली टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. ती उगीच केलेली नाही.

काय करावे?

१. मऊ ब्रश घ्यावा. सकाळी आणि रात्री झोपताना हलक्या हाताने दात घासावेत.

२. दाताला पाणी लागत असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आणावी. हे नाव कागदावर लिहून दुकानात न्यावे. खोक्यावर इंग्रजी असेल, तर शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नये.

३. घासून झाल्यावर फेस थुंकावा. लगेच खळखळून चुळा भरू नयेत. पेस्टमधले औषध दातावर थोडे राहू द्यावे.

४. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. घासायचे असेल तर अर्धा-एक तास थांबावे.

५. दुखऱ्या दातावर गोळी दाबून धरू नये. हिरडी भाजते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

साधी कळ क्षणभर येते. पाणी बाजूला केले की जाते. पण दात रात्री आपोआप ठणकत असेल, गरम लागल्यावर बराच वेळ दुखत असेल, दातात खड्डा दिसत असेल किंवा गाल सुजला असेल, तर तो किडीचा किंवा पुवाचा त्रास असू शकतो. तो पेस्टने जात नाही. पेस्ट महिनाभर वापरूनही कळ थांबली नाही, तरी दात दाखवावा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांची चौकशी करावी. पुण्यात स्टेशनजवळ १८६७ सालापासूनचे ससून रुग्णालय आहे. वेळेवर गेले तर पुष्कळदा दात वाचतो. उशीर केला तर काढावा लागतो. काढलेल्या दाताच्या जागी दुसरा येत नाही.

सांगा पाहू

१. दाताचे कवच आणि भांड्याची कल्हई यांत फरक कोणता?
२. आंबट खाल्ल्यावर लगेच दात का घासू नयेत?
३. साधी कळ आणि किडीचा ठणका कसा ओळखाल?
४. तुमच्या घरात मिश्री कोण लावते? त्यांना हा धडा वाचून दाखवा.